डोमनलालच्या जागी

देश मोकळा झाल्यावरची ही पहिली अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया. गावात झेंड्याचं कौतुक अजून सरलं नव्हतं, पण मालगुजार हुकुमचंदाच्या अंगणात रुख्मा बांधलेली मोलकरीण म्हणूनच उभी होती. अक्तीला मालक नोकराच्या हाती तुतारी, म्हणजे बैल हाकायची आरीची काठी देई, की तो वर्षभर बांधला गेला. ज्याला सोडायचं, त्याच्या हातून ती गावादेखत ओढून घेई. रुख्माच्या नवऱ्याच्या, कवडूच्या घराण्यात तीन पिढ्या ती कुणी ओढून घेतली नव्हती.

लढाईच्या काळात गोऱ्या साहेबानं पलटणीसाठी मालगुजाराकडे घरचा एक जवान मागितला. हुकुमचंदानं आपल्या मुलाला, डोमनलालला कोठीत लपवलं आणि त्याच्या नावानं कवडूला धाडलं. "तू वापस आला का तू सुटला, तुही बायकोबी सुटली." कवडू बर्म्याच्या ओल्या रानात मेला.

"मालक, तुमचा शब्द होता," रुख्मा म्हणाली.

"वापस आला तं सोडीन म्हटलं होतं. आला का तो?" हुकुमचंद हसला.

मेलेल्या माणसाची थट्टा! रुख्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे तुतारी."

"नाई घेत."

भर दुपार होती. गोठ्यातले बैल एकाएकी उठून उभे राहिले. वैशाखाच्या त्या रखरखाटात कुजक्या, ओल्या पाल्याचा वास आला. हुकुमचंदानं पुढे केलेली तुतारी हळूहळू पुढे ओढली जाऊ लागली... दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं.

"कोन आहे...? कोन धरून राहिलं...?"

घाबरून त्यानं हिसका दिला. पलीकडची पकड सुटून तुतारी त्याच्याकडे परत आली. सगळं गाव पाहत होतं.

"घेतली ना ओढून?" रुख्मा रागानं म्हणाली. "आला होता तो. सुटला माहा मानूस. अन् तुमच्याच शब्दानं मीबी सुटली."

पदर खोचून ती निघाली.

नागरा गावाच्या वाटेला लागते न लागते तोच मागून पावलं वाजली. डोमनलाल येत होता. जेवता जेवता उठलेला, हात उष्टा, पाठ ताठ, चाल पलटणीतली. मागून त्याची बायको दुलारी रडत, हाका मारत धावत होती. तो वळेचना.

रुख्माजवळ येऊन तो थांबला.

"माही जागा रिकामी हाय..." तो पुटपुटला. "बर्मा... कोनीकडं?"

"नोको सांगू, बाई! पाया पडतो तुह्या!" दुलारी ओरडली.

रुख्मालाही भीती वाटली. पण राग भीतीहून मोठा निघाला. तिनं उगवतीकडे बोट दाखवलं.

डोमनलाल चालू लागला. पाय अनवाणी होते, पण धुळीत ठसे उमटत गेले ते बुटांचे.