ओळखीचे डोळे

राक्षसाला मिशा फुटल्या की चहा, हा देवाप्पांच्या दुकानातला नियम. त्या दिवशीही वासंतीने मिशांचा शेवटचा फराटा ओढला, ब्रश पाण्यात बुडवला आणि स्टोव्हवर आधण ठेवलं. चामराजपेटेतल्या त्या गाळ्यात तीन पिढ्या राक्षसच घडत होते. कागदाच्या लगद्याचे, लाल तोंडाचे, सुळे आणि जीभ बाहेर काढलेले. बंगळूरात इमारत उभी राहायला लागली की तिच्या अंगावर असला एक मुखवटा लटकतोच. येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्ट इमारतीला लागू नये, मुखवट्याला लागावी म्हणून.

"गोष्टीतला राक्षस माणूस खातो," देवाप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचा नजर खातो. बिचारा उपाशी कधी राहत नाही बघा!"

घराण्याच्या दोन रीती होत्या. इमारत पुरी झाली की मुखवटा तिच्याच दारात जाळायचा, ही एक. दुसरी डोळ्यांची. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे आणि ते कुणाच्याही ओळखीचे नसावेत. देवाचे नकोत, शेजाऱ्याचे नकोत, सिनेमातल्या हिरोचे तर मुळीच नकोत. म्हणून डोळे फक्त देवाप्पा काढत. त्यांची मुलगी वासंती एकेचाळीस वर्षांची झाली, लगदा मळण्यापासून सुळे बसवण्यापर्यंत सगळं एकहाती करायची, पण डोळ्यांना ब्रश लावायचा म्हटलं की अप्पा म्हणत, "अजून नाही."

या वर्षी मात्र देवाप्पांचा हात असा थरथरायला लागला की बशीतला चहा तोंडाऐवजी सदऱ्यावर जायचा. आणि नेमकी ऑर्डर आली बेळ्ळंदूरच्या बावीस मजली टॉवरची. मुखवटा सहा फुटी!

"आज तू काढ," देवाप्पा म्हणाले. "जमलं तर दुकान तुझं. नाही जमलं तर कुलूप लावू." आणि काठी टेकत देवळात निघून गेले.

वासंतीच्या अंगात वारं शिरलं होतं. वीस वर्षं हात शिवशिवत होते बाईचे! पण डोळे काही साधेनात. एकदा काढले ते गाईसारखे भोळे, दुसऱ्यांदा काढले ते हातभट्टी पिऊन आल्यासारखे. पुसले. तिसऱ्यांदा पुसताना तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने अप्पांचा दाढीचा आरसा खिळ्यावरून ओढला, त्यात डोळे वटारले आणि दिसलं तसं काढून टाकलं. दहा मिनिटांत काम फत्ते.

देवाप्पा परतले. मुखवट्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान आहेत," ते म्हणाले. "कुठे बघून काढलेस?"

"मनातून," वासंती म्हणाली. आरसा पुन्हा खिळ्यावर गेला होता.

मुखवटा टॉवरवर चढला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, वासंती लगदा मळता मळता शिंकली. शिंकताना डोळे मिटले, आणि तेवढ्यात तिला रस्ता दिसला. खूप खाली, रुंद, गाड्यांनी गच्च भरलेला. डोळे उघडले तर समोर पातेलं. तिने पुन्हा मिटले. पुन्हा रस्ता! बेळ्ळंदूरचा रिंग रोड, पलीकडे तळं, तळ्यावर साबणासारखा फेस.

दुसरी कुणी असती तर घाबरून अंगारा लावला असता. ही हसत सुटली. जन्मात चौथ्या मजल्याच्या वर न चढलेली बाई घरबसल्या बाविसाव्या मजल्यावरून बंगळूर बघत होती! कामं आटपली की ती डोळे मिटून बसायची. खालून जाणारे वर बघायचे, आणि कुणाच्या मनात काय आहे ते तिला लख्ख कळायचं. 'यांना बरं परवडतं' म्हणणारे. 'पडो एकदाची' म्हणणारे. चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांतली, कपाळाला गंध लावलेली माणसं. राक्षस म्हणावं तर कुणाला, असं तिला वाटून जायचं. त्यांची ती नजर येऊन आदळली की पोटात ऊन ऊन भात गेल्यासारखं वाटे. तिची जेवणं कमी झाली.

एकदा तिला टांगत्या परांचीचा दोर विरलेला दिसला. परांचीवर दोन रंगारी. तिने साइटचा सुपरवायझर मंजुनाथला फोन लावला. बेळगावकडचा पोरगा, मराठी चांगलं बोलायचा. दोघं उतरले आणि पाचव्या मिनिटाला दोर तुटला.

"अक्का, चामराजपेटेत बसून तुम्हाला कसं दिसलं ओ?" त्याने विचारलं.

"दिसलं," वासंती म्हणाली. त्या दिवशी तिने दुकानात पेढे वाटले.

मग एकदा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मग सुईत दोरा जाईना. मग कॅलेंडरवरचे आकडे पुसट झाले, आणि हळूहळू सगळ्या वस्तूंवर चुन्याचा हात फिरल्यासारखं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं, म्हणाले, डोळे उत्तम आहेत. डोळे मिटले की मात्र टॉवरवरून मोटारींच्या नंबरप्लेटसुद्धा वाचता यायच्या.

एका सकाळी मंजुनाथचा फोन आला. "अक्का, आज साडेदहाला पूर्णाहुती. नंतर मुखवटा उतरवून जाळणार. नारळ घेऊन या की ओ."

वासंती मोठ्याने म्हणाली, "जाळू नका! मी येईपर्यंत थांबा!"

"मालकांनी मुहूर्त धरलाय, अक्का..." मागे सनई सुरू झाली आणि फोन कटला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

ती चाचपडत वळली. "अप्पा, डोळे मी आरशात बघून काढले होते."

देवाप्पा मटकन खाली बसले. त्यांनी खिळ्यावरच्या आरशाकडे बघितलं. मग म्हणाले, "ऑटो बोलाव."

निघताना त्यांनी सवयीने ब्रशांचा डबा काखेत मारला.

ऑटो सिल्क बोर्डाच्या चौकात अडकली. "सिग्नल, अक्का. स्वल्प थांबा," ड्रायव्हर म्हणाला. थांबते कसली! वासंतीने डोळे मिटले. गेटाशी रांगोळी, झेंडूची तोरणं, नवे कोरे कपडे घातलेली माणसं. तिची तिलाच लाज वाटली, पण भीतीइतकाच तिला आनंदही होत होता. काय दिसत होतं! सगळं शहर दिसत होतं!

एवढ्यात शहर हललं. मुखवट्याचा दोर सोडत होते.

"लवकर!" ती ओरडली. "अप्पा, उतरवताहेत मला!"

देवाप्पांनी तिचा हात धरला. त्यांचा हात नेहमीसारखाच थरथरत होता.

दहावा मजला. सहावा. रस्ता जवळ आला. रस्त्यावर एक ऑटो वळताना दिसली. तिच्यातून एक म्हातारा उतरला, मागून डोळे मिटलेली एक बाई. बाई धडपडत गेटाकडे धावली.

स्वतःला असं धावताना वासंतीने कधी पाहिलं नव्हतं.

मुखवटा जमिनीला टेकला. रॉकेलचा वास आला. कुणीतरी काडी ओढली.

"थांब, मंजुनाथ!"

मंजुनाथने वळून पाहिलं. काडी त्याच्या बोटांपर्यंत जळत आली, तरी तो बघतच राहिला. सनईवाला मध्येच थांबला.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला, "तुमचे डोळे..."

मघाशी मिटलेले डोळे तिने केव्हाच उघडले होते.

ती समोर गुडघ्यांवर बसली, हात लांब करून मुखवट्याचे गाल धरले आणि त्याला आपल्याकडे वळवलं. तेव्हा मुखवट्याच्या डोळ्यांतून तिला स्वतःचा चेहरा नीट दिसला. तीच साडी, तीच वेणी, घामाने ओलं झालेलं कपाळ. आणि कपाळाखाली दोन पांढरे गोल. गुळगुळीत, कोरे. दुकानातल्या फळीवर रांगेत ठेवलेल्या तोंडांना असतात, अगदी तसे.

"अप्पा," त्या बाईचे ओठ हलले.

देवाप्पा तिच्याशेजारी बसले. डबा उघडल्याचा आवाज आला. त्यांनी काळा रंग बोटाने ढवळला, बारीक ब्रश उचलला, डाव्या हाताने मुलीची हनुवटी वर केली.

"हलू नकोस, वासू. कुणाच्याही ओळखीचे नसतील असेच काढतो."

ब्रश त्या पांढऱ्यावर टेकताना वासंतीने पाहिला. अप्पांचा हात जराही थरथरत नव्हता.