दोन पंख्यांचं कार्ड

ठरलेलं दुकान बंद निघालं, म्हणून ती शेजारच्यात शिरली. आत जुन्या कॉम्प्युटरांचे थरावर थर, आणि मधोमध ओठांत स्क्रू धरून बसलेला दुकानदार. तिला पाहून तो घाईनं उठला... स्क्रू तोंडातच.

"आधी ते काढा," ती म्हणाली. "गिळाल!"

तो हसला. आणि काय विचारायचं होतं, तेच ती विसरली.

तिला घरांची हलती चित्रं करायची होती. दार उघडलं की खोली दिसावी, खिडकीतून ऊन अलगद फरशीवर उतरावं. असा एक नमुना सोमवारी पाठवायचा, तो पसंत पडला तर नोकरी. पण घरच्या जुन्या डबड्यावर ऊन खिडकीतच अडकून बसायचं.

"कॉम्प्युटर जुनाच घेईन, पण त्यात हे बसवा." तिनं चित्रं पळवणाऱ्या, तीन पंख्यांच्या लखलखत्या ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवलं. "दादा म्हणालाय, सगळ्यात मोठं घे."

"ते नको. कुणीतरी अहोरात्र राबवून पिळून काढलंय त्याला. पंख्यांची घरघर ऐका." त्यानं दोन पंख्यांचं साधंसं कार्ड पुढे केलं. "हे घ्या. मेमरी तुमच्या कामाला पुरेल, आणि या मशीनच्या पॉवर सप्लायला झेपेल."

महागडं सोडून स्वस्तातलं घ्या म्हणणारा दुकानदार तिनं पाहिला नव्हता. भला म्हणावा, की बनेल? कार्डाकडे बघावं, की बोलणाऱ्याकडे? काही म्हणता काही कळेना.

"फसवत तर नाही ना?"

"तुम्हाला?" तो एवढंच म्हणाला.

ती भुलली. साधं कार्ड घेतलं.

शनिवारी तो घरी येऊन सगळं जोडून गेला. त्याची पाठ वळताच तिनं नमुना उघडला. दार अडखळत उघडलं... ऊन जागचं हलेना.

"घातलीन ना टोपी?" दादा फोनवर हसला.

तिला रडूच आलं. नोकरी हातची जाणार म्हणून, की तो तसा निघाला म्हणून? हेही उमगेना.

रविवारी सकाळी तिचा फोन जाताच दुकानदार धावत आला. तिनं चार खरमरीत वाक्यं तयार ठेवली होती. तो टेबलामागे वाकला. कान लालेलाल.

"काय झालं?"

"मॉनिटरची वायर... कार्डात लावायची, ती वरच्या, मशीनच्या स्वतःच्या खाचेत लागलीये. कार्ड बिचारं कालपासून नुसतं बसून आहे."

"लावली कुणी?"

"मीच."

"रोज हेच करता ना तुम्ही?"

"रोज. डोळे मिटूनही चुकत नाही."

"मग काल?"

"काल डोळे उघडे होते," तो वायरीशी बोलल्यासारखा पुटपुटला, "पण... तुमच्याकडे होते."

खरमरीत वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"अगं, झालं का दुरुस्त?" आतून आईनं विचारलं. वायर जागी बसली, दार सरसर उघडलं, आणि ऊन खिडकीतून उतरून फरशीभर पसरलं.

"आता नाही बिघडणार," तो म्हणाला. "मला पुन्हा यावं लागणार नाही." आणि स्वतःच हिरमुसला.

"पण मी येणार आहे. उद्या संध्याकाळी, नमुना पाठवून."

"का? आणखी काय हवंय?"

तिनं कपाळावर हात मारला. "कार्डातलं एवढं कळतं हो तुम्हाला! काही नकोय. दुकान लवकर बंद करा... आपण फिरायला जाऊ."