दुपारची उत्तरं

त्या दुपारी मी फक्त वाळलेले कपडे आणायला छतावर गेले होते. मे महिना, उज्जैनचं ऊन. माधव नगरात आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. माझे यजमान यशोधन सकाळीच देवास गेटवरून बस धरून बँकेत जायचे, ते दिवेलागणीला परतायचे. मधला अख्खा दिवस घरात मी आणि आमची शर्वरी. तिला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

शर्वरी बोलायला लवकर लागली आणि मग थांबलीच नाही. पाल भिंतीवरून पडत का नाही? दूध झोपतं का? ऊन कुठून आत येतं? एक उत्तर दिलं की त्यातून दुसरा प्रश्न. दुपारपर्यंत माझी जीभ जड व्हायची. नुसतं 'हूं' म्हणायचंही जिवावर यायचं.

म्हणून अलीकडे ती आतल्या खोलीत एकटीच बडबडायला लागली, तेव्हा मला बरंच वाटलं. ती विचारायची, गप्प व्हायची, पुन्हा विचारायची. मधल्या वेळात हलकी कुजबुज ऐकू यायची. खाली घरमालकीण अनसूयाबाईंकडे नुकतंच केबल आलं होतं. टीव्हीच असेल, असं मी धरून चालले. त्या आवाजात मला छान झोप लागायची.

त्या दिवशी कपडे घेऊन जिना उतरत होते, तेवढ्यात बत्ती गेली. कूलर घरघरत थांबला. खालचा टीव्ही बंद पडला. सगळी गल्ली मुकी झाली. आतल्या खोलीतली कुजबुज मात्र चालूच होती...

"मग ती रडत का नाही?" शर्वरी विचारत होती.

कुजबुज.

"आणि तिची आई?"

कुजबुज. या वेळी जरा लांबलेली.

मी दार ढकललं. शर्वरी कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीकडे तोंड करून बसली होती. खोलीत ओल्या दगडाचा वास होता, घाटाच्या खालच्या पायऱ्यांना येतो तसा. सकाळी कंटाळा करून मी तिचे केस मोकळेच सोडले होते. आता तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या.

"वेणी कुणी घातली गं?"

"तिने."

"ती कोण...?"

"सांगते ती. तू दमतेस ना, म्हणून ती सांगते."

मी तिला उचलून खाली धावले. अनसूयाबाई जिन्याच्या पायथ्याशी गहू निवडत बसल्या होत्या.

"वर कोणीच नाही गेलं. मी तर केव्हाची इथेच बसून राहिली." मग त्यांनी त्या वेण्या पाहिल्या. सुपातला हात थांबला. "दुसरी खोली पाहून घ्या बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी लहान आहे."

यशोधन आधी हसले. मग माझा चेहरा पाहून दुसरी खोली शोधायला लागले. आठवड्याभरात आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो.

नव्या घरात शर्वरीने प्रश्न विचारणं सोडून दिलं. आधी हायसं वाटलं, मग त्या शांततेचीच धास्ती वाटायला लागली. मीच तिला खिडकीशी नेऊन म्हणायची, "विचार ना काहीतरी." ती नुसती बघत राहायची.

एका दुपारी मी आडवी पडले होते. डोळा लागत होता. आतून शर्वरीचा आवाज आला, अगदी दबका. ती थांबत होती, ऐकत होती, मग बोलत होती. पण ती विचारत नव्हती. उत्तरं देत होती.

"बाहेरच्या खोलीत..."

"हो, खूप दमलीये..."

"नाही. अजून जागी आहे."