सोनेरी आईबापांची मातकट पिल्लं

सोन्यासारख्या झळझळीत आईबापांना चिखलाच्या रंगाची पिल्लं व्हावीत, याला काय म्हणावं? कुडाळच्या अकरा वर्षांच्या शाल्मलीला याचं उत्तर संध्याकाळच्या आत हवं होतं. कारण संध्याकाळी ती पिल्लं मरळींच्या टाकीत जाणार होती, आणि शिकारी मरळ छोट्या माशांचा पाहुणचार कसा करते हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही.

गोष्ट २०६४ सालची. शाल्मलीच्या बाबांनी काजूचा कारखाना बंद करून त्याच शेडमध्ये शोभेचे मासे वाढवायला घेतले. टाक्या नव्या आणल्या, यंत्रमानव मात्र जुनाच ठेवला. त्याचं नाव चाळण्या. काजूगर निवडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पांढरा गर डाव्या खोक्यात, करपलेला उजव्यात. बाबांनी त्याला एवढंच सांगितलं, "गराच्या जागी आता मासो समज." आणि काम झालं असं समजून ते चहा प्यायला गेले.

गोल्डफिशची पहिली पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली, तेव्हा चाळण्याने टाकीत डोकावून निकाल दिला, "सर्व नग करपलेले आहेत. टाकून द्यावेत."

"जिवंत मासा करपेल कसा?" शाल्मली चिडली. त्या पिल्लांना त्यांच्या जन्मापासून तिने स्वतःच्या हाताने भरवलं होतं.

"गो बाय, सोनेरी माशाची पिल्लां सोनेरी नको?" बाबा म्हणाले. "मासे इकणाऱ्यान माका फसवल्यान. आता ही टाकी अडकवन ठेवन चलाचा नाय. सांजच्याक मरळीक घालूया."

शाल्मली रडकुंडीला येऊन माईआजीकडे धावली. माईआजी म्हणजे बाबांची आत्या. पुण्यात आयुष्यभर अनुवंशशास्त्र (आईबापांचे गुण पिल्लांत कसे उतरतात याचं शास्त्र) शिकवून ती गावी परतली होती. तिच्यापुढे बाबांचं फारसं चालत नसे.

माईआजीने टाकी पाहिली आणि ती पोटभर हसली. मग चाळण्याकडे वळली. "काय रे, तुझा डोळा किती बारीक बघतो?"

"गरावरचा केसाहून बारीक डाग," चाळण्या ऐटीत म्हणाला.

"मग या पिल्लाची कातडी मोठी करून भिंतीवर दाखव."

भिंतीवर काळ्या ठिपक्यांची दाटी उमटली. मधल्या फटींतून पिवळे कण डोकावत होते.

"या रंगपेशी (अंगाला रंग देणाऱ्या पेशी)," माईआजी म्हणाली. "गोल्डफिश जन्मतो तो काळपटच. पुढे काळ्या पेशी मरून जातात आणि झाकलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो."

"मग सोनेरीच का नाही जन्मत?"

"त्याचे पूर्वज सोनेरी नव्हते म्हणून. ते होते चीनमधल्या नद्या-तळ्यांतले करडे मासे. क्वचित एखाद्याच्या जनुकात (शरीर कसं घडवायचं ही पेशीतली सूचना) अचानक बदल व्हायचा. याला म्हणतात उत्परिवर्तन. मग त्याचा काळा रंग गळायचा. आता सांग, नदीत असा मासा चमकला तर?"

"बगळा खाणार."

"आणि तो बदल बगळ्याच्या पोटात संपणार. पण हजारेक वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी असे मासे देवळांच्या तळ्यांत जपले. तिथे चमकणंच फायद्याचं. लोक त्यालाच खाऊ घालणार, त्याचीच पिल्लं वाढवणार. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड होत गेली की रानटी जीव माणसाळतो. आपली गाय, आपला कुत्रा, सगळे असेच."

"पण त्या टाकीतल्या आईमाशाची शेपटी दुहेरी कशी?"

"ती याच्या कुळाची गंमत. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी दोन जातींचे जनुकसंच याच्या पूर्वजात एकत्र आले. त्यामुळे बहुतेक सूचना दोन-दोनदा. घरात दोघींना सोलकढी करता येत असली, तर एकीने काही भलताच प्रयोग केला तरी जेवण अडत नाही. तसंच इथे. एक जनुक बदललं, त्याने शेपटी दुहेरी केली. त्याचं जोडीदार जनुक शाबूत होतं, म्हणून मासा जगला."

बाबांनी डोकं खाजवलं. "आणि ही पिल्लां सोनेरी झाली नाय तर?"

"काही होणारही नाहीत. पण कुठली, ते आज कोणालाच सांगता येणार नाही."

"माझ्याकडे दोनच खोकी आहेत," चाळण्या म्हणाला. "ठेवा आणि टाका."

शाल्मलीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "मग तिसरं घे! त्याचं नाव 'थांबून बघू'."

चाळण्या जरा वेळ नुसताच गुरगुरला. "तिसरं खोकं मिळालं," तो शेवटी म्हणाला. बाबांनाही हसू आवरेना, आणि मरळींची मेजवानी हुकली.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा एका सकाळी शाल्मलीला बाबांच्या हाकांनी जाग आली. शेडमध्ये बाबा टाकीला नाक लावून बसले होते. एका पिल्लाचं पोट पिवळं झालं होतं. मग दुसऱ्याचं, मग डझनभरांचं. पंधरवड्यात टाकी केशरी रंगाने भरून गेली. थोडी पिल्लं करडीच राहिली, आणि शाल्मलीला तीही तितकीच आवडली. आनंदाने तिला काय करू नि काय नको असं झालं.

"आता पुढचे आईबाप तूच निवड," बाबा म्हणाले.

शाल्मली टाकीवर वाकली. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तळ्याकाठी असंच बोट दाखवलं होतं, आणि म्हणून हे मासे आज कुडाळात पोहत होते. आता पाळी तिची होती. तिने फार वेळ घेतला. शेवटी पाठीवर अजून काळा पट्टा असलेल्या, दुहेरी शेपटीच्या एका केशरी मासोळीवर तिने बोट ठेवलं.

"हिची पिल्लां कशी होतली?" बाबांनी विचारलं.

"काळी होतील," शाल्मली म्हणाली. "पण या वेळी तुम्ही घाबरू नका."