एका खुर्चीची खोली

मेल्यावरही घर न सोडणाऱ्या माणसांच्या कथा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात मृत व्यक्ती काहीतरी मागते: पाणी, पांघरूण, वाटेतली सोबत. दुसऱ्या प्रकारात ती काही मागत नाही, फक्त आपली जागा सोडत नाही. पलंगाची एक कड खोलगटच राहते, किंवा रिकाम्या गाडीची चाकं रुततात. पुढील कथा या दुसऱ्या प्रकाराशी जुळते. फरक इतकाच की येथे धरलेली जागा त्या व्यक्तीची हयातीत कधी नव्हतीच.

सांगणारा एक निवृत्त घड्याळजी. ऐकणारी त्याची भाचरं, रात्री जेवणं आटोपल्यावर, गच्चीवर.

"ज्याची गोष्ट, तो माझ्याच दुकानात पलीकडच्या बाकावर चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करायचा. खोटं सांगत असेन तर हातातलं घड्याळ बंद पडो."

"मामा, ते बंदच आहे," मोठी भाची म्हणाली.

"म्हणूनच पैज लावतोय. ऐका आता."

त्या रेडिओवाल्याला सगळे टाळीकाका म्हणत. कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी एक टाळी वाजवी आणि ती कशी परत येते ते मान तिरकी करून ऐके. उतारवयात त्याने दुरुस्ती सोडली आणि शौकीन लोकांच्या घरी मोठे स्पीकर बसवून द्यायचं काम धरलं.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला दोन हमालांसह तो मोजणीदाराच्या घरी पोहोचला. मोजणीदार त्याचा जुना दोस्त. जमिनी मोजण्यात हयात गेलेला, बोटभर चूक खपवून न घेणारा. नवे स्पीकर छातीइतके उंच होते. हमालांनी ते आत ठेवले, कमरेवर हात ठेवून एकदा उसासा टाकला आणि गेले.

"एवढं धूड कशाला रे?" टाळीकाकाने विचारलं. "जुने काय वाईट होते?"

"वर्ष झालं, टाळ्या. ती गेली तेव्हापासून गाणं सपाट लागतंय. जेवण असावं आणि मीठ नसावं तसं. कानाच्या डॉक्टरकडे गेलो, तर म्हणतो कान ठणठणीत आहेत." मोजणीदार स्पीकरवरून हात फिरवत होता. "हा शेवटचा उपाय. यातही नाही आलं, तर रेकॉर्डी वाटून टाकतो. मग संध्याकाळी करायचं काय, ते मात्र ठाऊक नाही."

टाळीकाकाने जुनी वही काढली. एकतीस वर्षांपूर्वी, दुकानात रेडिओ दुरुस्त करत असतानाच, हीच खोली त्याने दोस्तीखातर पहिल्यांदा लावून दिली होती. तेव्हा मोजणीदाराचं नवीन लग्न झालेलं, खोलीत खुर्च्या दोन. टाळीकाकाने दोघांना बसवून जमिनीपासून कानाची उंची मोजली होती. वहीत ती तशीच होती: त्याचा कान बेचाळीस इंच, तिचा एकोणचाळीस.

आणि मग त्यानेच सांगितलं होतं, "दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांचा त्रिकोण सारखा हवा. टोकावर एकच डोकं मावतं. दोन खुर्च्या ठेवाल तर दोघांनाही धड ऐकू येणार नाही."

वहिनी हसल्या होत्या. "मग मीच उठते. गाढवाला गुळाची चव काय!" आपली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून बाहेर नेली होती. त्यानंतर तीस वर्षं संध्याकाळी त्या बोळापलीकडच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसत. भांड्यांचा आवाज आत नको म्हणून खोलीचं दार बंद असे.

दोघांनी स्पीकर जागेवर सरकवले. टाळीकाकाने दोरी लावली, खडूने खुणा केल्या. खुर्चीमागे माइकचा स्टँड उभा केला, त्याची उंची बेचाळीस इंचांवर धरली आणि खीळ आवळली. ती आवळायची छोटी चावी त्याच्या जुडग्यात असे, दुसरी नव्हती.

पावणेनऊला मोजणी सुरू झाली. आधी खोली रिकामी ठेवून मोजायचं, कारण माणूस म्हणजे आवाजाला गादीच, बसला की आवाज थोडा शोषतो. टाळीकाका दार लावून बाहेर लॅपटॉपसमोर बसला. आतून आवाज खालच्या पट्टीतून वर चढत गेला. पडद्यावर रेघ उमटली. ती पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"तू खुर्चीत कशाला बसलास? बाहेर ये म्हटलं ना."

"मी तुझ्या मागे उभा आहे," मोजणीदार म्हणाला.

टाळीकाकाने वळून पाहिलं. मग दार उघडून आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती. त्याने पुन्हा मोजलं. रेघ तीच. खुर्ची बाहेर काढून मोजलं.

रेघ तीच.

"तार जुनी असेल," तो म्हणाला. तार त्याने सकाळीच विकत आणली होती.

खुर्ची परत आत आली. मोजणीदार तिच्यात बसला, आवडती रेकॉर्ड लागली. भिंतीला टेकून उभ्या टाळीकाकाला गाण्यातला श्वाससुद्धा ऐकू येत होता. इतकं चोख काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

"टाळ्या, तू दार लावून बाहेर का गेलास?" मोजणीदाराचे डोळे मिटलेले होते.

"मी इथंच आहे."

"मग शब्द का येत नाहीत?"

टाळीकाकाने त्याला उठवलं आणि स्वतः बसला.

धप... धप... धप...

बाकी काही नाही. जसं भिंतीपलीकडून यावं तसं. तो उठला: शब्द लख्ख. बसला: धप... धप...

हा आवाज त्याने पूर्वी ऐकला होता. एकदा तो वहिनींजवळ पायरीवर बसून चहा पीत होता. बंद दाराकडे बोट करून त्या म्हणाल्या होत्या, "भाऊजी, हेच का हो ते गाणं?"

त्याने सगळं हलवलं. स्पीकर दुसऱ्या भिंतीला. मग तिसऱ्या. दरवेळी नवा त्रिकोण, नव्या खुणा. शेवटी सगळं पहिल्या खुणांवर परत आणलं. खुर्ची जाई तिथं तेच. घामाने शर्ट पाठीला चिकटला. घड्याळात अकरा चाळीस.

मोजणीदार दाराकडे पाहत होता.

"टाळ्या... तिला बाहेर किती ऐकू येत असेल रे?"

टाळीकाका दोरी गुंडाळू लागला.

"तू जाणकार. सांग."

"जाडा आवाज भिंतीतून जातो. शब्द जात नाहीत."

"तीस वर्षं?"

मोजणीदाराने रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. खुर्चीकडे पाठ न करता तो मागे मागे सरकत दाराबाहेर आला. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला.

"दार लाव."

"अरे, माझा स्टँड..."

"राहू दे. तिच्या आड जाऊ नकोस."

टाळीकाकाने दार लावलं. बोळात दोघं बसून राहिले. धप... धप... मोजणीदार कान देऊन ऐकत होता. शब्द शोधत होता.

शब्द आले नाहीत.

त्यानंतर तो रोज रेकॉर्ड लावी, दार ओढून घेई आणि पायरीवर बसे. टाळीकाका दोनदा समजूत घालायला गेला. दुसऱ्यांदा मोजणीदाराने दारच उघडलं नाही. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला तो त्या पायरीवरच गेला.

त्याच्या लेकीने स्पीकर सोडवायला टाळीकाकाला बोलावलं.

"काका, एवढे स्पीकर घेतले आणि बाबा बाहेर का बसायचे?"

"आत एकच खुर्ची आहे, बाळ."

"पण ती तर रिकामी होती."

टाळीकाकाने दार उघडलं. सवयीने हात वर केले, पण टाळी वाजवली नाही. माइकचा स्टँड खुर्चीमागेच होता. खीळ घट्ट होती, तिच्यावर धुळीचा अखंड थर. चावी टाळीकाकाच्या जुडग्यात, खिशात.

त्याने टेप काढली, जमिनीपासून माइकपर्यंत धरली आणि लेकीला आकडा वाचायला सांगितला.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.