अर्डनागीचा नवा हंडा

उन्हाळ्यात डोंगरातला ओढा आटला की आमची व्हिस्कीची भट्टी बंद व्हायची. सातू भिजवायला पाणी नाही, वाफ निववायला पाणी नाही. मग थंडीची चाहूल लागेपर्यंत डागडुजी. कोणी छपरावर चढायचं, कोणी ओकच्या पिंपांची कडी ठोकत बसायचं, कोणी हंडे घासायचं. अर्डनागीत हे माझ्या आजोबांच्याही आधीपासून असंच चाललं होतं. मी आंबवणाच्या टाक्या सांभाळायचो, माझा धाकटा भाऊ डूगल दारू गाळायच्या तांब्याच्या हंड्यांवर होता.

त्या वर्षी मोठा हंडा नवा आला होता. जुन्याचं तांबं झिजून इतकं पातळ झालं होतं की तळव्याने दाबलं तर कण्हायचं. रोथेस गावच्या तांबटाने नवा हुबेहूब घडवला, हुबेहूब म्हणजे पोचेसुद्धा. व्हिस्कीची चव हंड्याच्या आकारात असते, आकार बिघडला की चव गेली, असं आमच्या धंद्यात मानतात. जुन्या हंड्याला खांद्याखाली एक फुगवटा होता, लहानशा पावाएवढा. बाकीचे पोचे आत गेलेले, हा एकटाच बाहेर आलेला.

"आतून कोणी मारलं होतं?" तांबटाने विचारलं.

कोणालाच ठाऊक नव्हतं. "होता तसा हवा," आमचे मॅनेजर मिस्टर लीथ म्हणाले. "उगाच शहाणपणा नको."

तांबटाने नव्या हंड्यात शिरून तोही ठोकून काढला. बाहेर आला आणि चहाला न थांबता निघून गेला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोथेसची माणसं तुसडीच असतात. ओढा आटण्याआधी नव्या हंड्यातून महिनाभर दारू काढूनही झाली.

जुलैतली एक सकाळ. लख्ख ऊन, अंगणात चिलटांचे थवे. डूगल हंडा घासायला आत उतरला. हंड्याच्या पोटाला माणूस कसाबसा शिरेल एवढं दार असतं. आत जुन्या वाफेचा अंश राहतो, डोकं हलकं होतं, कधी माणूस बोलता बोलता झोपतो आणि उठतच नाही. म्हणून आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हा नियम. मी दाराशी कंदील धरून बसलो.

"कशी आहे रे हवा?"

"तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरापेक्षा बरी!" आतून तांब्यात घुमलेलं हसू आलं. मग ब्रशची खरखर. मग तो म्हणाला, "फोर्ब्स, हा फुगवटा कोमट लागतोय."

"ऊन पडलं असेल."

"इथे कुठलं ऊन?"

त्याने बादलीभर पाणी मागितलं. कंदील दाराशी टेकवून मी अंगणातल्या पंपावर गेलो. तिथे मिस्टर लीथनी मला थोडं अडवलं, छपराचं काहीतरी विचारत होते. परतलो तेव्हा खरखर थांबली होती.

"डूगल?"

"आहे."

"थकलास का?"

"नाही."

उत्तरं येत होती, पण तुटक. त्याच्या स्वभावाला ते धरून नव्हतं. 'बाहेर ये, जरा हवा खा' म्हणायला मी तोंड उघडलं, तोच आतून आवाज आला, "नको, इथेच बरंय."

मी अजून बोललोच नव्हतो.

भट्टीघराचं मागचं दार वाजलं. डूगल आत आला, हातात चहाचा मग, केसांत हंड्यातली काजळी.

"कोणाशी बोलतोयस?" तो म्हणाला. "डोकं गरगरलं म्हणून मी मघाशीच बाहेर पडलो."

मी हंड्याकडे बोट दाखवलं. हंड्यातून आवाज आला, डूगलचाच, "कंदील जरा पुढे धर ना. कोण आहे रे तुझ्याबरोबर?"

डूगलने चहाचा मग खाली ठेवला.

मी कंदील आत घातला. गोल, लालसर, रिकामं तांबं. ब्रश तळाशी पडलेला. लपायला तिथे एक आडोसा नव्हता.

"त्याला काहीतरी विचार," डूगल पुटपुटला. "आपल्या दोघांनाच ठाऊक असलेलं."

मी दाराशी वाकलो. विचारलं, "लहानपणी ओढ्याकाठी आपण काय पुरलं होतं?"

"आईचा चष्मा," आतून लगेच उत्तर आलं. "स्तोत्रं वाचता आली नाहीत की ती चर्चला जायची नाही, आणि आपल्यालाही न्यायची नाही. तरी नेलंच की तिने!" आणि ते हसलं.

मी डूगलकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, परक्याच्या घरातली गोष्ट ऐकावी तसा.

"कुठला चष्मा?" तो म्हणाला.

माझा भाऊ आत असेल, तर त्याला बाहेर काढणं भाग होतं. मी डोकं आणि खांदे दारातून आत घातले. तांबं गार होतं. फुगवट्याला हात लावला. तो कोमट होता, आणि माझ्या तळव्याखाली हळूच बाहेर सरकला.

कानाला लागून आवाज आला.

"आलास? मग आता मी जाऊ?"

मी कोपरं सोलवटून घेत बाहेर पडलो.

तेवढ्यात अबकारी खात्याचे मिस्टर पर्डी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. काम नसेल तेव्हा हंड्याचं दार बंद ठेवायचं, असा कायदा. मी त्यांचा हात धरला.

"थांबा. आत कोणीतरी आहे."

पर्डींनी कान दिला. बराच वेळ दिला.

"मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. कुलपाचं भोक मात्र त्यांना सापडेना. शेवटी डूगलनेच त्यांच्या हातून किल्ली घेतली आणि फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी मिस्टर लीथना सगळं सांगितलं, भांडून दार उघडायला लावलं. लीथ, पर्डी आणि मी, तिघांनी कंदील धरून पाहिलं. हाका मारून माझा घसा बसला. आतून नुसता माझाच आवाज परत येत होता.

"वाफ चढली होती तुला," लीथ समजुतीने म्हणाले.

सप्टेंबरात पाणी आलं. सातूंना मोड आले, भट्टीचा धूर दरीत उतरला, टाक्यांत आंबवण फसफसलं. हंडा भरला आणि खाली कोळसा पेटला. मी तिथेच उभा होतो. तांबं तापताना नेहमीच कुरकुरतं. मी ते नेहमीचंच आहे असं स्वतःला सांगत राहिलो.

बाहेर पहिलं दहिवर पडलं होतं. डूगलने अंगणात कोट काढला, मग स्वेटर, मग सदरा. उघड्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"आग कमी करायला सांग ना, फोर्ब्स," तो शांतपणे म्हणाला.

मी धावत जाऊन हंड्याखालचा कोळसा बाहेर ओढायला लागलो. लोकांनी मला धरलं. दारूची धार तोवर सुरू झाली होती.

संध्याकाळी मिस्टर लीथनी पहिल्या धारेचा नमुना हुंगला आणि त्यांचा चेहरा उजळला. "फारच सुरेख. यात काहीतरी नवीन आहे, नाव सुचत नाही." त्यांनी पेला माझ्याकडे दिला.

मला नाव सुचलं. ओल्या लोकरीचा, स्वस्त तंबाखूचा आणि केसांना लावायच्या तेलाचा तो वास मी लहानपणापासून, एका अंथरुणात झोपून, ओळखत होतो.

पेला खाली ठेवून मी वळलो. डूगल शेजारीच उभा होता. मी त्याला जवळ ओढलं, त्याच्या मानेशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला.

कसलाच वास आला नाही.