पेंडीच्या पोत्यांपाशी

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात मी केजमध्ये कॉम्प्युटरचे क्लास घेत होतो. आजूबाजूच्या गावांत कुणाचं मशीन बिघडलं की मला बोलावणं यायचं. तालुक्यात लिनक्स येणारा मी एकटाच, असं लोक म्हणायचे. लिनक्स वापरणारेही फार नव्हते म्हणा.

नांदूरघाटला बसवेश्वरअप्पांचं बी-बियाण्याचं आणि सरकी पेंडीचं दुकान होतं. मागे घर, अंगण, आणि अंगणापलीकडे पत्र्याच्या छपराचं गोदाम. गोदामातली पोती गायब व्हायला लागली, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या मुलानं, रविनं, दिवाळीच्या सुट्टीत तिथं एक कॅमेरा बसवला. वायर ओढून तो घरातल्या कॉम्प्युटरला जोडला आणि फुकट मिळतं म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं.

"सर, रोज अडकतंय," अप्पा म्हणाले. "रवि म्हणतो, जुनं समदं काढून टाकायला पायजे. तुमी काढा."

मशीनसमोर अप्पांच्या पत्नी, शिवकांताकाकू, सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी खुर्ची ओढली तशा त्या थोड्या सरकल्या, पण उठल्या नाहीत.

बिघाड साधा होता. रविनं कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन टाकताना जुनं काढलंच नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कॅमेरा मागायची आणि मशीन थिजायचं. जुनं काढण्याआधी ते चालवून पाहिलं. चित्र करडं होतं, काही सेकंदांनी एकदा बदलणारं. पोत्यांची थप्पी, वजनकाटा, दार. थप्पीच्या कोपऱ्यात एक बाई बसलेली होती. डोक्यावरून पदर, एक गुडघा उभा.

"ही कोण? कामाला आहे का?"

अप्पांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. "डाग हाय तो. पहिल्यापासून हाय. गोदामाला कडी लावलेली हाय, सर."

मी जाऊन आलो. आत पेंडीचा गोडसर, कुबट वास होता. वरचा पत्रा तापून मधूनच वाजत होता. कोपरा रिकामा होता. मी तिथं उभा राहिलो आणि अप्पांना ओरडून विचारलं, काय दिसतंय.

"तुमी दिसताय," घरातून अप्पांचा आवाज आला. "तिच्या म्होरं."

बाहेर पडताना मी कडी लावली. अप्पांना समजावून सांगितलं, की कधीतरी टिपलेलं चित्र जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकून राहतं आणि नव्या चित्रावर उमटत राहतं. असे प्रकार मी पाहिलेले होते. बोलता बोलता स्क्रीनकडे लक्ष गेलं. आता बाईचा दुसरा गुडघा उभा होता. आधी आपणच नीट पाहिलं नसेल, असं मी धरलं.

दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून अप्पा गेले. काकूंचा हात तुरीत थांबला.

"सर, जुनं राहू द्या की."

"काकू, ते राहिलं तर मशीन चालणार नाही."

"न चालू दे. ती हितं दिसती तवर बरं हाय. कुठं बसलीय ते कळतंय."

"कोण आहे ती?"

"मला काय ठावं? पहिल्यांदा दाराजवळ होती. बघत असलं की हालत न्हाई. आता तुमी तिकडं गेलता, तवा माझी नजर तुमच्याकडं गेली. जराशी हालली बगा."

हे त्यांनी दूध उतू गेलं असं सांगावं तितक्या साधेपणानं सांगितलं.

अप्पा परतले ते चिडूनच. "काढा, सर. हिचं ऐकू नका. दिवाळीपासनं हितंच बसती. सख्ख्या भावाच्या पोरीचं लगीन झालं, तरी गेली न्हाई."

मी जुनं व्हर्जन काढलं. त्याच्या फायली आणि साठलेली सगळी चित्रंही पुसली. मग नवं चालू केलं.

चित्र स्वच्छ आलं. रंगसुद्धा. भिंतीचा चुना दिसत होता, पोत्यांवरची अक्षरं वाचता येत होती. कोपरा रिकामा होता.

"झ्याक!" अप्पा म्हणाले.

काकू स्क्रीनजवळ वाकल्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनी सावकाश पाहिलं.

"दार उघडं हाय," त्या म्हणाल्या.

ते खरोखरच उघडं होतं. अप्पा पुटपुटत लावायला गेले.

"सर, पुन्हा घाला ते. जुनं."

त्याची सीडी माझ्याजवळ होती. त्यांच्या समाधानासाठी मी जुनं व्हर्जन परत टाकलं. तेच करडं चित्र आलं. थप्पी, काटा, दार. कोपरा रिकामाच. अडकलेलं चित्र फायलींबरोबर पुसलं गेलं होतं, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. तसं मी काकूंना सांगितलं.

सूप उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मी पुन्हा नवं व्हर्जन ठेवलं आणि निघालो.

केजला जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर दाराशी जागा मिळाली. बाजाराचा दिवस होता. जीप खच्चून भरली, टपावरही माणसं चढली. माझ्या आतल्या बाजूला मात्र एका माणसापुरती जागा मोकळी राहिली.

डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस चढू लागला. त्यानं त्या जागेकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. पायरीवर उभा राहून त्यानं दांडी धरली.

"बसा की, जागा आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं.

पूर्ण रस्ता तो बाहेरच लटकत आला.

केजला तो आधी उतरला. मग मी उतरलो. माझ्यामागे लगेच कुणी उतरेना. सगळे थांबले होते.

त्या माणसानं दाराशी येऊन आत, त्या रिकाम्या जागेकडे, हात पुढे केला.

"सावकाश उतरा," तो म्हणाला.

आणि त्याचा हात, कुणाचा तरी भार पेलताना व्हावा तसा, जरासा खाली गेला.